फेसबुकवरचे बदाम आणि पसाभर पीठ

कुणीतरी म्हटलंय की शत्रू मानल्या गेलेल्या लोकांकडे सामान्य नागरिकांनी मैत्रीचा हात पुढे करायचा, असले उपक्रम म्हणजे फेसबुकवरचे बदाम, युद्ध त्याने थांबत नाही. खरंय. मार्च २०१२ मध्ये रॉनी एड्री या इस्रायली ग्राफिक डिझायनरने लेकीसोबतच्या फोटोवर 'इराणी लोकांनो, आम्ही तुमच्या देशावर कधीही बॉम्ब टाकणार नाही' असं लिहून फेसबुकवर टाकलं. इराणमधून उत्तरं आली, काहींनी तर चेहरा झाकून फोटो पाठवले. आणि जून २०२५ मध्ये इस्रायलची विमानं इराणवर गेलीच. पण एड्रीने शब्द स्वतःचा दिला होता, सरकारचा नव्हे. सरकार काय करणार, ते त्याच्या हातात होतं कुठे?

मला मोरोक्कोचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. तिथल्या मुस्लिम विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये 'मिमूना' नावाची संस्था काढली, देशातला ज्यू वारसा जपायला. नावातच सगळं आलं. पेसाह या ज्यूंच्या सणाच्या आठ दिवसांत ज्यू घरात खमीर किंवा साधं पीठ ठेवत नाहीत. सण संपला की त्या संध्याकाळी मुस्लिम शेजारी पीठ, लोणी, मध घेऊन यायचे, तीच मिमूना. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यानंतर बहुतेक ज्यू देश सोडून गेले आणि ते पीठ कुणाला द्यायचं हा प्रश्नच उरला. २०११ मध्ये याच पोरांनी मोरोक्कोतल्याच इफ्रान शहरातल्या विद्यापीठात होलोकॉस्टवर, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडावर, परिषद भरवली. मोरोक्को-इस्रायल संबंध पूर्ववत करण्याचा करार झाला डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे पोरं सरकारच्या नऊ वर्षं पुढे होती.