विनोदी पटकथेतील दोन प्रतिस्पर्धी: एक पात्र वाचकांच्या मनातून का उतरते?

प्रश्न

मी पूर्ण लांबीच्या विनोदी चित्रपटाची पटकथा लिहीत आहे. एका ग्रंथालयातील दोन सहायक ग्रंथपाल मुख्य ग्रंथपालाच्या एकाच रिक्त पदासाठी झगडतात, हा कथेचा गाभा असून त्यांच्यात प्रेमकथा नाही. नायिका कमालीची काटेकोर आहे. शेवटचे पुस्तक वर्गांकानुसार, म्हणजे त्याला विषयानुसार दिलेल्या क्रमांकानुसार, जागेवर गेल्याशिवाय तिचा पाय इमारतीबाहेर निघत नाही. नायक मात्र नियम बाजूला सारून पुस्तक वाचकाच्या हाती देणारा आहे. पहिली वीस पाने मनासारखी उतरली, परंतु पुढे प्रत्येक प्रसंग हमरीतुमरीवर येऊन थांबतो आणि ज्यांनी मसुदा वाचला त्या सर्वांना नायिका खलनायिका वाटली. मला दोघेही सारखेच प्रिय आहेत. तोल कसा साधावा?

उत्तर १

आपल्या वर्णनातच अडचण दडलेली आहे. नायकाची सवय वाचकाच्या उपयोगाची आहे, तर नायिकेची सवय केवळ तिच्या समाधानाची आहे. त्यामुळे दोघांनी तोंड उघडण्याआधीच निकाल लागून जातो. तिच्या शिस्तीमुळे कोणाचे तरी खरोखर भले झाल्याचा एक प्रसंग पहिल्या वीस पानांतच यायला हवा. उदाहरणार्थ, एखादा वृद्ध वाचक अनेक वर्षांपूर्वी वाचलेले, नावही न आठवणारे पुस्तक शोधत येतो आणि ती केवळ ग्रंथालयाच्या तालिकेच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदसूचीच्या, बळावर ते काही मिनिटांत त्याच्यासमोर ठेवते. त्याच दिवशी नायकाने नोंद न करता दिलेली दुर्मिळ प्रत हरवलेली असावी. आता दोघेही बरोबर आहेत आणि दोघेही चुकलेले आहेत.

इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील अथेन्सच्या सुखात्मिकांत दोन पक्षांच्या वादाचा ‘अगोन’ नावाचा स्वतंत्र भाग असे आणि त्यात प्रत्येक पक्षाला आपले म्हणणे पूर्णपणे मांडता येई. आपली पटकथा वाचताना मी हेच पाहीन, की नायिकेला असा पूर्ण डाव कोठे मिळाला आहे. तिचे म्हणणे इतक्या ताकदीने लिहा, की निदान त्या पानापुरते आपल्यालाही नायकाकडे उत्तर सापडू नये.

आणखी एक गोष्ट म्हणजे पद दोघांनाही हवे आहे, एवढे पुरेसे नाही. ते का हवे आहे, याची कारणे वेगळी असली पाहिजेत आणि पद हुकले तर प्रत्येकाचे काय जाईल, हे प्रेक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

उत्तर २

हमरीतुमरीबद्दल थोडेसे. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०० मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडेल: परिस्थिती बदलली तरी माणूस यंत्रासारखा ठरीव पद्धतीने वागत राहिला, की हसू येते. म्हणून त्यांना भांडायला लावण्याऐवजी दोघांना एकच काम द्या. छताला गळती लागली आहे आणि पुस्तके वाचवायची आहेत, असे समजा. ती पाणी ठिबकत असतानाही पुस्तके वर्गांकाच्या क्रमानेच हलवील. तो दिसेल त्या वाचकाच्या हाती गठ्ठा देऊन त्याला घरी धाडील. एकमेकांना एक शब्दही न बोलता त्यांचा झगडा पडद्यावर दिसेल.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरे पटली, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. विरोध सगळीकडे ठेवला, तर पात्रे एकाच साच्याच्या सुलट्या-उलट्या ठशांसारखी दिसू लागतात. कामाच्या पद्धतीत विरोध ठेवा, परंतु मुळाशी काहीतरी समान असू द्या. दोघांनाही पुस्तकांचे वेड आहे, दोघांनाही कौतुक झेपत नाही आणि समोरच्याचे काम किती चांगले आहे, हे त्या दोघांइतके इमारतीत कोणालाच कळत नाही. खरे प्रतिस्पर्धी एकमेकांवर इतके बारीक लक्ष ठेवून असतात, की ते एकमेकांचे सर्वांत जाणकार प्रेक्षक ठरतात. माझ्या दृष्टीने आपल्या कथेतील सर्वांत समृद्ध जागा हीच आहे.

मध्यावर, म्हणजे पानाला साधारण एक मिनिट हा हिशोब धरला तर पन्नासाव्या पानाच्या आसपास, त्यांना एकमेकांचे शस्त्र उचलायला लावून पाहा. निवड समितीला लवचीकपणा हवा आहे असे समजून ती नियम मोडू लागते, पण प्रत्येक मोडलेल्या नियमाची रीतसर नोंद ठेवते. तो शिस्त आणायला जातो आणि इतक्या सूचना लावतो, की वाचकांना दार सापडत नाही. या अपयशातून प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामातले कौशल्य उमगते. पुढे त्यांनी एकमेकांना दिलेली मात अधिक नेमकी आणि म्हणून अधिक मजेदार होते. संवादांची परीक्षाही घ्या: नावे झाकून वाचल्यावर कोण बोलत आहे हे ओळखता आले नाही, तर तो संवाद पुन्हा लिहावा.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वृद्ध वाचकाचा प्रसंग मी बाराव्या पानावर घेत आहे, मात्र त्यात एक बदल करीन: तिने पुस्तक शोधून दिले हे नायक कपाटाआडून पाहतो आणि कोणालाच सांगत नाही. गळतीचा प्रसंग आज रात्रीच लिहायला घेतो.