प्रेसनोट मेली म्हणे! मग क्रिएटिव्हमधला मजकूर टाइप कोण करणार?

पाचपाखाडी_डेस्क

‘क्रिएटिव्ह कट्टा’ यांच्या कालच्या पोस्टवर दोन ओळींत उत्तर देणार होतो, जमलं नाही. त्यांचं म्हणणं असं: प्रेसनोटचा जमाना गेला. झकास क्रिएटिव्ह (मजकूर घातलेलं चित्र) करा, पत्रकारांच्या ग्रुपवर टाका, ज्याला हवं तो बातमी करेल. जनसंपर्कातल्या माणसाला लिहिता नाही आलं तरी चालेल, डिझाइनची नजर हवी. खाली अंगठ्यांचा पाऊस.

संध्याकाळी पान छपाईला सोडायच्या घाईत उपसंपादकासमोर हे क्रिएटिव्ह आलं की काय होतं? मजकूर चित्रात अडकलेला, म्हणजे कॉपी होत नाही. सगळा पुन्हा टाइप करायचा. केशरी पट्टीवर पिवळ्या अक्षरातली वेळ ९ आहे की १, ते झूम करून बघायचं. तेवढ्यात त्याच जागेसाठी दुसऱ्या कोणाचा साधा, सरळ मेल आलेला असतो. लागतो तोच.

आता प्रेसनोटवाल्यांनीही कॉलर ताठ करू नये. नोट मरत असेल तर ती अशा इंट्रोमुळे, म्हणजे पहिल्या वाक्यामुळे:

‘ठाणे शहराच्या सामाजिक व सांस्कृतिक क्षेत्रात गेली अनेक वर्षे अविरतपणे कार्यरत असलेल्या आमच्या संस्थेच्या वतीने सालाबादप्रमाणे यंदाही समाजाप्रती असलेली बांधिलकी जपत मान्यवरांच्या शुभहस्ते व प्रमुख उपस्थितीत भव्य नेत्रतपासणी शिबिराचे आयोजन करण्यात आले आहे.’

३३ शब्द. त्यातला कामाचा पहिला शब्द ‘नेत्रतपासणी’, तो २८वा. तारीख नाही, जागा नाही, कोणासाठी ते नाही. हेच असं लिहा:

‘घोडबंदर रोडवरील ज्येष्ठ नागरिकांसाठी येत्या रविवारी (ता. १५) सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत मोफत मोतीबिंदू तपासणी शिबिर होणार आहे. पहिल्या २०० जणांचीच तपासणी होईल, नावनोंदणी शुक्रवारपर्यंत.’

मग ठिकाण, नोंदणीचा फोन, सोबत काय आणायचं. त्यानंतर डॉक्टरांचं एक वाक्य, तेही ‘आम्हाला आनंद होत आहे’ छापाचं नको. बातमीत नसलेली माहिती सांगणारं हवं. मान्यवर तळाला आणि संस्थेचा परिचय सगळ्यात शेवटी, तीन ओळींत. पानावर ६० शब्दांचीच जागा उरली तर डेस्क, म्हणजे पान लावणारे उपसंपादक, खालून कापतं. तारीख चौथ्या परिच्छेदात असेल तर तीही जाते आणि मग ‘आमची बातमी मुद्दाम अर्धवट छापली’ म्हणून फोन येतो. एकूण २५० ते ३०० शब्द पुरे. ‘आज’, ‘उद्या’ लिहायचंच नाही. शनिवारी पाठवलेल्या नोटेतला ‘उद्या’ रविवारच्या अंकात सोमवार होतो.

---

क्रिएटिव्ह_कट्टा

आधी पोस्ट पूर्ण वाचायची, मग तलवार उपसायची. ‘लिहू नका’ असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पहिली नजर चित्रावर जाते एवढंच म्हटलंय.

तुमच्या त्या सोवळ्यातल्या प्रेसनोटचं शेवटी होतं काय? आतलं पान, सिंगल कॉलम, खालचा कोपरा. ज्या ज्येष्ठांसाठी शिबिर आहे त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर क्रिएटिव्ह तासाभरात कासारवडवलीहून माजिवड्याला पोचतं.

वाईट क्रिएटिव्ह दाखवून क्रिएटिव्हला शिव्या देऊ नका. १०८० बाय १३५० पिक्सेलचा कॅनव्हास घ्या. फोनवर तो साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद दिसतो. म्हणजे २४ पिक्सेलचं अक्षर डोळ्याला जेमतेम दीड मिलिमीटर, आणि मोतीबिंदूचा पेशंट ते वाचणार! तारीख-वेळ ६० पिक्सेलच्या खाली नकोच. एक मथळा, एक तारीख, एक ठिकाण, एक फोन, जास्तीत जास्त दोन फॉन्ट. हे शिकवायला डिझाइनवालाच लागतो, डेस्कवाला नव्हे.

---

नेरुळ_पूर्व

दोघंही स्वर्गात राहता. खरं डिझाइन ठरवतो तो मान्यवरांच्या फोटोंचा क्रम. वर तीन मोठे गोल, खाली नऊ छोटे गोल, बाजूला ‘शुभेच्छुक’ची आगगाडी. उरलेल्या बोटभर जागेत कार्यक्रम. क्रम चुकला तर छापलेले फलक रातोरात उतरवायचे. ‘एक मथळा, एक तारीख’ हे त्या मान्यवरांच्या कार्यालयात जाऊन सांगून बघा एकदा.

उपाय एकच. नावं, पदं आणि क्रम संबंधित कार्यालयाकडून लेखी मागवायचा आणि तो मेल जपून ठेवायचा. फोनवर सांगितलेला क्रम संध्याकाळपर्यंत बदलतो.

---

अक्षरजुळणी

मूळ दुखणं कोणी बोलतच नाहीये. फॉन्ट! नोट पाठवली, शब्द सुंदर, आणि डेस्कवर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी. कारण ती कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात केलेली. त्या फॉन्टांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षराच्या खणात क-चं चित्र बसवलेलं असतं. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे. अजूनही लोक खिचडी पाठवतात आणि वर विचारतात, बातमी का नाही लागली.

---

पाचपाखाडी_डेस्क

आणि पीडीएफ! ‘सुरक्षित राहावं म्हणून पीडीएफ पाठवली.’ कोणापासून सुरक्षित? ज्याने छापायची त्याच्यापासून? पीडीएफमधून मराठी कॉपी केली की ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं फुटतात. मजकूर मेलच्या अंगातच चिकटवा, सोबत वर्डची फाइल द्या. पीडीएफ द्यायचीच तर जास्तीची म्हणून.

---

क्रिएटिव्ह_कट्टा

युनिकोड युनिकोड म्हणून टाळ कुटणं सोपं आहे. तोच मजकूर इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओतला की वेलांट्या सुट्या आणि पायमोडके क उघडे पडतात. म्हणून डिझायनर श्रीलिपीला चिकटून आहेत. हौस म्हणून नाही.

---

अक्षरजुळणी

परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ निवडा, फुटलेली अक्षरं जुळतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडायची सोय होती, नव्यांत ते आपोआप होतं. मेनू न उघडता लिपीला दोष देणं ही आपली जुनी सवय.

विषय निघालाच आहे तर ल आणि श. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरलेला आहे. तरी बेलापूरपासून कोपरीपर्यंत निम्म्या फलकांवर हिंदी वळणाचा ल. ‘टिरो देवनागरी मराठी’सारखा मराठीसाठीच केलेला फॉन्ट घ्या. इतर काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. तिथे मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की अक्षर आपोआप बदलतं.

---

नेरुळ_पूर्व

वाचकाला ‘ल’ कळला ना? मग झालं. लोकांच्या नळाला पाणी नाही आणि इथे ल-च्या पाकळ्या मोजताय.

---

अक्षरजुळणी

मग अर्थ बदलणारं उदाहरण घ्या. ‘आचाऱ्यांचा सत्कार’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांचा. ‘आचार्यांचा सत्कार’ म्हणजे गुरुजनांचा. दऱ्या आणि दर्या, तीच गत. काही कीबोर्ड ‘आचाऱ्यां’मधला अर्धा र हा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून बनवतात. फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये ते चिन्ह गळतं, आणि कॅटरिंगवाल्यांच्या मेळाव्याची नोट छापून येते गुरुपौर्णिमा होऊन. खालचा टिंब असलेला ‘ऱ’ वापरून टाइप करा, तो बहुधा टिकतो. आणि पाठवण्याआधी नोट स्वतःलाच मेल करून फोनवर उघडून बघा. दोन मिनिटांचं काम.

---

नेरुळ_पूर्व

बरं बाबा, आचाऱ्यांपुरतं मान्य. ल-चं अजून नाही.

---

ट्रान्सहार्बर

फॉन्टाचं आटोपलं असेल तर माध्यमांशी संबंध या मूळ विषयाकडे येऊ? नोट योग्य हातात गेली नाही तर ल-ला सात पाकळ्या काढल्या तरी उपयोग नाही.

‘ठाणे-नवी मुंबई मीडिया’ नावाची एकच यादी करून २०० जणांना एका दमात मेल, वर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसताहेत. हा प्रकार बंद करा. ऐरोलीची नागरी बातमी नवी मुंबई महापालिकेच्या बीटची (बीट म्हणजे वार्ताहराला नेमून दिलेलं क्षेत्र), जिल्हा मात्र ठाणे. खारघरची गंमत तर विचारूच नका: महापालिका पनवेल, पोलीस आयुक्तालय नवी मुंबई, जिल्हा रायगड. पाणीपुरवठ्याची नोट एकाला, गुन्ह्याची दुसऱ्याला, जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीची तिसऱ्याला. हे माहीत नसलेला माणूस ठाण्याच्या वार्ताहराला कामोठ्याचं आमंत्रण धाडतो आणि ‘पत्रकार येत नाहीत’ म्हणून रडतो.

पत्रकार परिषद सकाळी ११ ते दुपारी १ मध्ये. चारला ठेवली तर लिहून, फोटो टाकून पुरवणीचं पान गाठणं अवघड. आणि परिषद कशाला, तर ज्याला प्रश्न विचारावेत असं काही आहे म्हणून. नुसतं वाचून दाखवायचं असेल तर मेल करा, लोकांना वाशीच्या पुलावर अडकवू नका. ‘अमुक तारखेपर्यंत छापू नये’ हे आधी विचारून, समोरच्याने हो म्हटल्यावरच चालतं. परस्पर वर ठळक अक्षरात छापलं म्हणून कोणी बांधील होत नाही.

चूक छापून आली तर संपादकांना फोन करून आरडाओरडा नको. छापलेलं वाक्य, बरोबर वाक्य, त्याचा कागद, एवढं त्याच दिवशी बातमीदाराला लेखी द्यायचं.

---

क्रिएटिव्ह_कट्टा

सगळं साळसूद. पाकिटाचं काय ते पण लिहा की. आमंत्रणासोबत पाकीट नसेल तर कोण येतं, सांगा.

---

पाचपाखाडी_डेस्क

शब्द सांभाळून. सरसकट चिखल उडवायचा असेल तर धागा इथेच थांबवू. पाकीट देणारा हात कोणाचा असतो? जनसंपर्कवाल्याचाच ना? पैसे देऊन छापून आणायचं असेल तर जाहिरात घ्या, वर ‘जाहिरात’ असं छापा. पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला मजकूर म्हणजे पेड न्यूज, प्रेस कौन्सिलने त्यावर कोरडे ओढलेले आहेत. आणि तुमचे इन्फ्लुएन्सर? तिथेही पैसे घेतलेल्या पोस्टवर तसं लेबल लावायचं हे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच सांगितलंय. किती रीलवर दिसतं?

---

क्रिएटिव्ह_कट्टा

देणारा हात आमचा, हे मान्य. घेणारा हात हवेत तरंगत नव्हता, एवढंच म्हणतो. पुढे नाही बोलत.

फोटोचं बोलू. डेस्कवाले ‘३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पाठवा, व्हॉट्सॲपचा नको’ म्हणून जीव खातात. वर्तमानपत्राच्या कागदावर इंचाला ८५ ते १०० ओळींचं स्क्रीन, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांची जाळी, असतं, त्याच्या दुप्पट म्हणजे २०० पुरे. तीन कॉलमी फोटो १२ सेंटिमीटरचा धरा: पावणेपाच इंच गुणिले २००, म्हणजे साधारण ९५० पिक्सेल. व्हॉट्सॲपवरून आलेला १६०० पिक्सेलचा फोटो आरामात बसतो. आणि डीपीआयचा आकडा फाइलमध्ये नुसता बदलून काही होत नाही, पिक्सेल किती ते बघा.

---

पाचपाखाडी_डेस्क

हिशोब बरोबर आहे. नाइलाजाने कबूल करतो. पण तुमच्याकडून येतो तो पाच वेळा सेव्ह करून पुन्हा पाठवलेला, नाहीतर स्क्रीनशॉट. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला तेवढेच दोन टॅप लागतात.

आणि फोटोत असतं काय? रंगायतनच्या मंचावर १४ माणसं, रांगेत, हातात प्रमाणपत्र. तुमच्याच १२ सेंटिमीटरमध्ये माणशी साडेआठ मिलिमीटर, चेहरा चार मिलिमीटर. १०० ओळींच्या स्क्रीनला सेंटिमीटरमध्ये ४० ठिपके, म्हणजे चेहऱ्याला १६ ठिपके. आई ओळखणार नाही. शिबिराचा फोटो म्हणजे डॉक्टर, एक आजोबा आणि तपासणीचं यंत्र, जवळून. फोटोओळीत डावीकडून नावं, आजोबांची परवानगी घेऊन.

---

अक्षरजुळणी

जाहिरात देणार असाल तर बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत. स्क्रीनवरचा काळा तसाच चार रंगांत बदलला तर छपाईत एकेका रंगाची प्लेट केसभर सरकते आणि अनुस्वाराला निळी-लाल सावली येते. गडद पट्टीवर बारीक पांढरी देवनागरीही नको, शाई पसरून मात्रा बुजतात.

---

नेरुळ_पूर्व

एवढं सगळं करून साहेब विचारणार, कात्रणं किती? मग कॉलम सेंटिमीटर गुणिले जाहिरातीचा दर, वर ‘बातमी आहे म्हणून’ गुणिले तीन, आणि ‘इतक्या लाखांची प्रसिद्धी’ असा तक्ता. जनसंपर्काच्या मोजमापासाठी ठरवलेल्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांत जाहिरात-मूल्य म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे असं स्पष्ट म्हटलंय. तक्ता अजून जिवंत आहे.

---

ट्रान्सहार्बर

त्या तक्त्याशेजारी एक रकाना वाढवा: नोंदणीच्या फोनवर ‘कुठे वाचलंत?’ विचारून आलेली उत्तरं. पेपर किती, ग्रुप किती. इथल्या दोघांच्या भांडणाचा निकालही लागेल.

---

क्रिएटिव्ह_कट्टा

घ्या, तुमच्या समाधानासाठी. क्रिएटिव्ह सोसायटीच्या ग्रुपला, आणि डेस्कला हे, युनिकोडमध्ये, मेलच्या अंगात:

‘नेरुळमधील ज्येष्ठ नागरिकांसाठी ता. २२ रोजी सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत मोफत श्रवणतपासणी होणार आहे. जागा १२०; नोंदणी आवश्यक.’

२१ शब्द. खूश?

---

पाचपाखाडी_डेस्क

तारीख आहे, वार नाही. आणि नोंदणी करायची कुठे?