स्मरणशक्ती शाबूत, एमएमएसई २८, तरीही फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया? निदान नेमकं कशावर ठरतं?

उंबरठा यांचा प्रश्न

वय ५४. तारखा, हिशोब, काल कोण येऊन गेलं, सगळं लक्षात असतं. पण गेल्या दोन वर्षांत माणूस पार बदललेला. घरात कुणी तापाने फणफणलं तरी ढिम्म, अनोळखी बाईला तोंडावर 'तुम्ही फार जाड आहात' म्हणणं, गोडाचा सपाटा, दहा वेळा सांगितल्याशिवाय आंघोळ नाही. एमएमएसई (डिमेन्शियासाठी घेतात ती छोटी प्रश्नोत्तरांची चाचणी) ३० पैकी २८. एमआरआयच्या अहवालात 'वयानुरूप बदल'. नैराश्याच्या गोळ्या सहा महिने चालू, फरक शून्य. असं चित्र असेल तर एफटीडी (फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा कपाळामागचा आणि कानांजवळचा भाग झिजण्याचा आजार) आहे की नाही हे कसं ठरवायचं? अहवाल नॉर्मल आले म्हणजे विषय संपला का?

मूठ_कडा_तळवा

संपला नाही. आधी तो २८ चा आकडा बाजूला ठेवा. एमएमएसईत तारीख-वार-ठिकाण, तीन शब्द लक्षात ठेवणं, शंभरातून सात-सात वजा करणं, भाषेचे काही सोपे प्रश्न, एक आकृती उतरवणं एवढंच असतं. कपाळामागच्या मेंदूला त्यात कुणी काही विचारतच नाही. एफटीडीचा रुग्ण सुरुवातीच्या काळात ही चाचणी हसत पार करतो, आणि मग 'डिमेन्शिया नाही' असा शेरा फाइलला चिकटतो.

त्यापेक्षा फ्रंटल असेसमेंट बॅटरी ही कपाळामागच्या मेंदूची चाचणी घ्या. १८ गुण, दहा मिनिटं, सामान काही लागत नाही. केळं आणि संत्र यांत सारखं काय? एका अक्षराने सुरू होणारे शब्द एका मिनिटात किती? मूठ-कडा-तळवा असा हात क्रमाने टेकवायचा. मग टकटक: मी एकदा केली की तुम्ही दोनदा, मी दोनदा केली की तुम्ही एकदा. त्यानंतर नियम बदलायचा: मी एकदा केली की तुम्ही एकदा, मी दोनदा केली की तुम्ही अजिबात नाही. इथे गुणांपेक्षा हाताकडे बघा. नियम काय आहे ते रुग्ण बिनचूक सांगतो आणि सांगता सांगताच टेबलावर दोनदा वाजवतो. कळतंय, पण हात आवरत नाही.

आता निकष. एफटीडी वागणुकीतून किंवा भाषेतून सुरू होतो. वागणुकीच्या प्रकारासाठी २०११ चे आंतरराष्ट्रीय निकष वापरतात. सहा गोष्टी आहेत: सामाजिक भान सुटणं, निरिच्छपणा, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव आटणं, तीच ती कृती किंवा वाक्य पुन्हा पुन्हा, खाण्याच्या सवयी बदलणं, आणि स्मरण व दिशाज्ञान तुलनेने चांगलं असताना नियोजन ढासळणं. पहिली पाच लक्षणं आजाराच्या सुरुवातीच्या तीन वर्षांत दिसायला हवीत. सहापैकी तीन, तीही वारंवार आणि हळूहळू वाढत जाणारी, असतील तर 'शक्य'. रोजचे व्यवहार बिघडले आणि स्कॅननेही दुजोरा दिला तर 'संभाव्य'. त्यात जनुकातला दोष सापडला किंवा ऊतक तपासून खात्री झाली तरच 'निश्चित'. तुमच्या वर्णनात चार खुणा आत्ताच बसतात.

पण खरं निदान होतं ते घरच्यांच्या तोंडून. रुग्णाला स्वतःत काही बिघडलंय असं वाटत नाही आणि त्याच्यासमोर जोडीदार मोकळं बोलत नाही, म्हणून घरच्यांशी बोलणं वेगळ्या खोलीत व्हायला हवं. तिथे जाताना दोन रकान्यांचं टिपण न्या: पूर्वी काय, आता काय, कधीपासून. 'विचित्र वागतो' याचा उपयोग नाही. 'आईचा वाढदिवस कधी चुकला नव्हता. यंदा आई पडली तेव्हा तिला ओलांडून टीव्ही लावला' हे उपयोगी. स्वभाव मुळातच तसा होता का, हा पहिला प्रश्न येणार. त्याचं उत्तर तयार ठेवा.

काळापांढरा

एमआरआयबद्दल. ५४ व्या वर्षी 'वयानुरूप झीज' हे शब्द वाचून निर्धास्त होऊ नका. या वयात नजरेत भरण्याइतकी झीज असायला नको, म्हणून ती नेमकी कुठे आहे ते विचारायचं. तपासणीच्या चिठ्ठीवर नुसतं 'डोकेदुखी' किंवा 'वागण्यात बदल' असेल तर रेडिओलॉजिस्ट गाठ आणि रक्तस्राव नाही ना एवढं पाहून पुढे जातो. 'एफटीडीची शंका, फ्रंटल आणि टेम्पोरल लोबच्या पुढच्या टोकांवर टिप्पणी द्यावी' असं स्पष्ट लिहून घ्या. सुमारे १ मिमी जाडीचे टी१ (एमआरआयचा एक प्रकार) काप हवेत आणि ते समोरून कापलेल्या प्रतलात पाहायचे. उजवी-डावी बाजू सारखी आहे का, आणि पुढचा भाग मागच्यापेक्षा जास्त सुकलाय का, यावर सगळं असतं. भाषेच्या, शब्दार्थ जाणाऱ्या प्रकारात टेम्पोरलचं टोक, बहुधा डावं, सुरीच्या पात्यासारखं पातळ झालेलं दिसतं. जुनी फिल्म किंवा सीडी असेल तर दुसऱ्याकडून नव्याने वाचून घेता येते, स्कॅन पुन्हा करावाच लागतो असं नाही.

एमआरआय खरोखर नॉर्मल असेल तर पुढची पायरी एफडीजी पेट (मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते दाखवणारा स्कॅन). झीज दिसण्याआधीच पुढच्या भागाची साखर वापरण्याची क्षमता घटलेली दिसू शकते. त्यासाठी चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं. रक्तातली साखर चढलेली असेल तर चित्र धूसर येतं, म्हणून मधुमेहींनी आधी सांगावं. इंजेक्शननंतर शांत, मंद उजेडाच्या खोलीत पडून राहायचं. एक इशारा: नैराश्यातही फ्रंटल भाग थोडा मंद दिसू शकतो, तेव्हा किंचित फरकावर शिक्का मारू नये. शंका उरलीच तर वर्षभराने त्याच मशिनवर एमआरआय. तुलना सगळं बोलते.

आणि हो, फ्रंटल भागावर दाब देणारा मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणातली गाठ) किंवा मेंदूभोवतालचं पाणी गळून मेंदू खाली सरकणं, यांतही माणूस असाच वागतो. दोन्हींवर उपचार आहेत, म्हणून स्कॅन टाळू नका. रक्तात बी१२, थायरॉइड, सोडियम, कॅल्शियम, सिफिलिस आणि एचआयव्ही बघायचंच, शिवाय दारू आणि चालू औषधांची यादी.

शब्दवेल्हाळ

वरची सगळी चर्चा वागणुकीच्या प्रकाराची झाली. काहींमध्ये हा आजार भाषेच्या वाटेने येतो आणि तिथे मराठीत तपासताना एक घोळ होतो.

एका प्रकारात शब्दांचा अर्थच पुसला जातो. बोलणं धो-धो, व्याकरण ठाकठीक, आणि 'कात्री द्या' म्हटलं की उत्तर येतं, 'कात्री म्हणजे?' शब्द नुसता आठवत नसेल तर 'का…' एवढा इशारा पुरतो. इथे अख्खा शब्द हातात दिला तरी ओळख पटत नाही. मोराच्या चित्राला आधी 'पक्षी', काही महिन्यांनी 'प्राणी', नंतर 'ते हे'. घोळ असा: इंग्रजी चाचण्यांत स्पेलिंगचा नियम न पाळणारे शब्द वाचायला देतात आणि रुग्ण तिथे पकडला जातो. देवनागरी लिहिलं तसं वाचलं जातं. त्यामुळे वाचन खणखणीत येतं आणि तपासणारा फसतो. वाचून झालं की अर्थ विचारा. 'कानाडोळा करणे' म्हणजे काय? 'कान आणि डोळा' असं उत्तर आलं तर पुढे खोदा.

दुसऱ्या प्रकारात बोलणं अडखळतं, प्रत्यय गळतात, लिंग-वचन जुळत नाही: 'ती बाजार गेला'. 'वाघाला सिंहाने मारलं, मेलं कोण?' हा साधा प्रश्न चुकतो, कारण 'ला' आणि 'ने' यांचं काम कळेनासं होतं. 'प-त-क, प-त-क' दहा सेकंद म्हणायला लावा, उच्चाराची गाडी रुळावरून घसरते. चित्राचं वर्णन तोंडी आणि लेखी दोन्ही घ्या. तोंडी चुकलं आणि लेखी नीट आलं तर दोष उच्चाराच्या जुळणीत, दोन्हींकडे प्रत्यय गळले तर व्याकरणात.

शब्द शोधत मध्येच थांबणं आणि लांब वाक्य जसंच्या तसं परत म्हणता न येणं हा तिसरा प्रकार. त्याच्या मुळाशी बहुतेकदा अल्झायमर निघतो, म्हणून त्याला एफटीडीच्या खात्यात टाकू नका.

उंबरठा

नैराश्य आणि एफटीडी, दोन्हींत माणूस सोफ्यावर बसूनच असतो. फरक कशावरून करायचा? आणि डोनेपेझिल (अल्झायमरची गोळी) सुरू करून बघणं निरुपद्रवी आहे का?

मूठ_कडा_तळवा

नैराश्यात माणूस आतून पोळत असतो. अपराधी वाटणं, रडू, झोप उडणं, अन्न नकोसं होणं. एफटीडीतला निरिच्छ माणूस 'कसं वाटतंय?' विचारलं तर 'मजेत' म्हणतो आणि दुसरा लाडू उचलतो. दुःख घरच्यांना, त्याला नाही. पूर्वी कधीच मानसिक आजार नसताना पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदा असं काही सुरू झालं तर मेंदू तपासायला हवाच. उलट बाजूही सांगतो: 'शक्य' ही पायरी सैल आहे. तीन खुणा बायपोलरमध्ये किंवा दारूतही जुळतात. वर्षानुवर्षं काहीच वाढत नसेल तर निदानाचा फेरविचार करावा. अपवाद सी९ओआरएफ७२ या जनुकाच्या दोषाचा. त्यात आजार फार हळू सरकू शकतो आणि सुरुवात चक्क भास-संशयाने होऊ शकते. रक्तातलं न्यूरोफिलामेंट लाइट (मज्जापेशींना इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासता आलं तर मदत होते: एफटीडीत सहसा वाढलेलं, निव्वळ मानसिक आजारात सहसा नाही. मात्र ते वयानुसार आणि मेंदूच्या इतर आजारांतही वाढतं.

डोनेपेझिल निरुपद्रवी नाही. एफटीडीत त्याचा फायदा दिसलेला नाही, उलट अस्वस्थपणा आणि बेभान वागणं वाढू शकतं. मेमँटिन या अल्झायमरच्याच दुसऱ्या औषधाच्या चाचण्यांतही लाभ दिसला नाही. म्हणूनच कमी वयात अल्झायमरची शंका उरत असेल तर पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासून किंवा अमायलॉइड पेट (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन दाखवणारा स्कॅन) करून ती आधी मिटवायची, गोळ्या नंतर. खाण्याचा सपाटा आणि चाळे यांवर एसएसआरआय किंवा ट्रॅझोडोन ही नैराश्यावरची औषधं वापरतात. अँटिसायकोटिक (भास-संशयावरची औषधं) नाइलाजानेच आणि अगदी कमी मात्रेत, कारण या रुग्णांचं अंग पटकन ताठरतं.

काळापांढरा

जनुकांचा विषय निघालाच आहे तर: एमएपीटी, जीआरएन आणि सी९ओआरएफ७२ ही तीन मुख्य. यांतला दोष असेल तर प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता ५० टक्के. चाचणी आधी रुग्णाची, तीही समुपदेशनानंतर. निरोगी मुलांचं रक्त घाईने काढू नका. घराण्यात डिमेन्शियाच शोधू नका. 'हातपाय गळून गेला', 'वेड लागलं होतं' अशा नोंदीही विचारा.

मूठ_कडा_तळवा

'हातपाय गळणं' म्हणजे मोटर न्यूरॉनचा (स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशींचा) आजार असू शकतो, म्हणून पुढच्या भेटीत शर्ट काढून तपासायला सांगा. खांद्या-दंडात आपोआप फडफडणारे स्नायू, तोंडात आरामात ठेवलेल्या जिभेवर वळवळ, अंगठ्याजवळचं मांस उतरणं, पाणी पिताना ठसका. यातलं काहीही दिसलं तर ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी). एफटीडीच्या काही रुग्णांत मोटर न्यूरॉनचा आजारही जडतो, आणि तसं असेल तर गिळणं आणि श्वास यांची तपासणी लगेच व्हायला हवी.