अमेरिकेचा इतिहास : मोठी मालिका पाहावी की गावचा माहितीपट?

कोनेमॉकाठ :
पश्चिम पेनसिल्व्हेनियात राहायला आल्यापासून मी अमेरिकेच्या इतिहासावरचे माहितीपट नेमाने पाहतो, आणि आता माझे मत असे झाले आहे की हा देश समजून घ्यायचा असेल तर देशभर गाजलेल्या भव्य मालिकांपेक्षा एकेका गावापुरते बोलणारे छोटे माहितीपट अधिक उपयोगी पडतात. ते संपल्यावर बाहेर पडून पडताळा घेता येतो.

जॉन्सटाउनचेच उदाहरण घ्यावे. ३१ मे १८८९ रोजी गावापासून चौदा मैल वर असलेले साउथ फोर्कचे मातीचे धरण फुटले, सुमारे दोन कोटी टन पाणी तासाभरात गावात शिरले आणि २,२०९ माणसे मरण पावली. धरण पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबच्या मालकीचे होते. कार्नेगी आणि फ्रिक हे पोलाद उद्योगातले बडे धनिक त्याचे सभासद होते. तळातून पाणी सोडण्याचे नळ आधीच्या मालकाने काढून टाकले होते, ते क्लबने पुन्हा बसवले नाहीत. उलट धरणाचा माथा उतरवला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. या पुरावरचा चार्ल्स गुगेनहाइम यांचा १९८९ चा ऑस्करविजेता माहितीपट गावच्या संग्रहालयात दाखवतात, आणि ज्या इमारतीत आपण तो पाहतो ते मुळात पुरानंतर कार्नेगींच्याच पैशाने बांधलेले ग्रंथालय आहे. तिथून गाडीने वर गेले की धरणाचे दोन्ही बाजूंचे उरलेले बांध आणि मधले भगदाड समोर दिसते. मी मूळचा पुण्याचा. १२ जुलै १९६१ चे पानशेत आजीच्या तोंडून ऐकत वाढलो. त्या भगदाडापाशी उभा राहिलो तेव्हा आजीने सांगितलेला पाण्याचा आवाज मला पहिल्यांदा खरा वाटला.

याउलट केन बर्न्स यांची यादवी युद्धावरची १९९० ची मालिका पाहा. साडेअकरा तास मी भारावून गेलो, पण नंतर कळले की काळजाला भिडलेली व्हायोलिनची धून त्या युद्धाच्या काळातली नसून १९८२ साली रचलेली आहे. मग मला जे वाटले त्यातले इतिहासाचे किती आणि संगीताचे किती?

तळटीप :
आपल्या जॉन्सटाउनच्या वर्णनाविषयी आदर बाळगूनही मला हे मत मान्य नाही. जॉन्सटाउनला आपली कथा सांगणे सोपे होते, कारण गाव बळी होते आणि दोषी माणसे पिट्सबर्गची होती. जिथे दोषी गावातच राहत होते तिथे काय घडले ते पाहावे. ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी ओक्लाहोमातील तुलसा शहरात गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची समृद्ध वस्ती, म्हणजे रस्त्यांनी वेढलेले घरा-दुकानांचे सुमारे ३५ गट, जाळून टाकली. त्यानंतर कित्येक दशके शहराने या घटनेविषयी मौन पाळले. राज्याने चौकशी आयोग नेमला तो १९९७ मध्ये आणि त्याचा अहवाल आला तो २००१ मध्ये. या सगळ्या काळात स्थानिक अभिमानावर पोसलेल्या माहितीपटाने ही गोष्ट सांगितली असती, असे आपण म्हणू शकाल का? गावाला नको असलेला इतिहास सांगायला पुष्कळदा बाहेरचा माणूस आणि बाहेरचा पैसा लागतो.

निवृत्त शिक्षिका :
मी न्यू जर्सीत अनेक वर्षे शाळेत शिकवले, म्हणून बर्न्स यांच्या बाजूने बोलणे मला भाग आहे. सलिव्हन बलू या ऱ्होड आयलंडच्या मेजरने यादवी युद्धातल्या बुल रनच्या लढाईच्या आठवडाभर आधी पत्नीला लिहिलेले पत्र त्या मालिकेत वाचले जाते. ते ऐकल्यावर माझ्या वर्गातली मुले ग्रंथालयात जाऊन युद्धाची कारणे शोधू लागली. पाठ्यपुस्तकाने हे कधी घडवले नव्हते. धून नवी आहे हे मीच मुलांना सांगत असे, आणि त्यावर वर्गात होणारी चर्चा त्या तासाचा सर्वांत चांगला भाग असे. भावना हे दार आहे, कोनेमॉकाठ. ते बंद केले तर किती जण आत येतील?

तळटीप :
बाई, दार उघडले हे खरे, पण दारात कोण उभे होते तेही पाहायला हवे. त्या मालिकेत सर्वाधिक वेळ बोलतात ते शेल्बी फूट, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेतल्या मिसिसिपीत जन्मलेले एक कादंबरीकार. गुलामगिरी हाच युद्धाचा गाभा होता हे स्पष्टपणे मांडणाऱ्या इतिहासकार बार्बरा फील्ड्स यांना त्या मानाने फार थोडा वेळ मिळाला. मुले ग्रंथालयात जातात, पण फूट यांचा सूर कानात घेऊनच जातात. मोठी मालिका कशी असावी हे हेन्री हॅम्प्टन यांनी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीवरच्या चौदा भागांत दाखवले आहे. तिथे ज्यांनी ती चळवळ अंगावर झेलली तेच लोक स्वतः बोलतात. जुन्या चित्रफितींच्या हक्कांची मुदत संपल्यामुळे ही मालिका २००६ पर्यंत काही वर्षे प्रसारित करता आली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

कोनेमॉकाठ :
तुलसाचा मुद्दा मी मान्य करतो. त्याचा विचार मी केला नव्हता. मात्र 'बाहेरचा माणूस लागतो' हे पूर्ण खरे नाही. सॉलोमन सर जोन्स या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने १९२४ ते १९२८ या काळात ओक्लाहोमातल्या आपल्या समाजाचे मूक चित्रण केले. चर्चमधून बाहेर पडणारी माणसे, दुकाने, मिरवणुका त्यात दिसतात. जळल्यानंतर पुन्हा उभी राहिलेली वस्ती एका स्थानिक माणसाने स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपून ठेवली आहे, आणि त्यात ना निवेदन आहे ना व्हायोलिन. मला स्थानिक म्हणून जे अभिप्रेत आहे ते हेच.

तळटीप :
मग आपला आग्रह गावच्या माहितीपटासाठी नाही, गावातल्या गप्प राहिलेल्या माणसांसाठी आहे, आणि तिथे आपले भांडण संपते. मात्र जॉन्सटाउनबाबत एक प्रश्न उरतोच. तिथल्या ग्रँडव्ह्यू दफनभूमीत ओळख न पटलेल्या मृतांसाठी ७७७ कोरे दगड ओळीने उभे आहेत. आपण पुढच्या वेळी तो माहितीपट पाहाल तेव्हा त्यात या माणसांच्या वाट्याला किती मिनिटे येतात आणि कार्नेगी-फ्रिक यांच्या वाट्याला किती, हे मोजून इथे लिहावे, अशी विनंती आहे.

कोनेमॉकाठ :
येत्या ३१ मे रोजी मी तिथे जाणारच आहे. घड्याळ लावून पाहीन आणि इथे लिहीन.