प्रति: कांदळवन राखलं की पूर टळेल?
कांदळवन (खारफुटी) राखलं की पूर टळतो, हे अर्धंच पटलं. खाडीकाठचं कांदळवन हवंच, वाद नाही. पण नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर वसलाय, म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोने आधीच धारण तलाव ठेवले: भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. आता त्याच तलावांत गाळ साचून कांदळवन माजलंय! २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते काढायला न्यायालयाची परवानगी लागते, म्हणजे गाळ उपसणंही अडतं.

उधाण आणि मुसळधार पाऊस एकदम आले की आमच्या वाशीच्या सोसायटीत पार्किंगला घोटाभर पाणी. खाडीतल्या आणि तलावातल्या कांदळवनाला एकच माप कसं लावायचं? (पक्षीप्रेमी मित्र रागावणार, माहीत आहे.)