मदत हवी आहे : कालवांचा डीएनए मिळतो, पण पीसीआरला बँडच येत नाही

खाडीकाठची
नमस्कार. एम.एफ.एससी.चं (मत्स्यविज्ञानातल्या पदव्युत्तर पदवीचं) काम चालू आहे : कालवांचं बारकोडिंग, म्हणजे डीएनएवरून जात ओळखणं. कालवांचा डीएनए काढला, नॅनोड्रॉपवर (डीएनए मोजायच्या यंत्रावर) भरपूर दिसतो, २६०/२८० (प्रथिनांची भेसळ दाखवणारं गुणोत्तर) चांगलं आहे. तरी पीसीआर (डीएनएचा हवा तो तुकडा वाढवायची पद्धत) केल्यावर सीओआय या बारकोडिंगच्या जनुकाचा बँड, म्हणजे जेलवरची रेघ, येत नाही. लॅडर (मोजमापाचे तुकडे) स्वच्छ, पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लावलेली कोळंबी झकास येते, माझ्या लेन मात्र कोऱ्या. टॅक (डीएनएच्या प्रती करणारं विकर) बदललं, प्रायमर (तुकड्याची सुरुवात-शेवट ठरवणारे छोटे डीएनए) नवे मागवले, मॅग्नेशियम वाढवून पाहिलं. सिक्वेन्सिंगला नमुने पाठवायची तारीख तोंडावर आली आहे. ज्यांनी स्वतः शिंपल्यांवर काम केलंय त्यांनी कृपया लवकर सांगा.

सूक्ष्मनळी
कोणती कालवं? अंगाच्या कुठल्या भागातून डीएनए काढला? नमुने कशात ठेवले होते? प्रायमर कोणते, ॲनीलिंगचं (प्रायमर चिकटायचं) तापमान किती? २६०/२३० (इतर भेसळ दाखवणारं गुणोत्तर) किती आलं? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

खाडीकाठची
प्रायमर नेहमीचेच, फोल्मर. ॲनीलिंग ५२. जात आधीच ठाऊक असती तर बारकोडिंग केलंच नसतं. नमुने अल्कोहोलमध्ये होते.

पाटा_वरवंटा
सीटीएबी (एक प्रकारचा साबण) वापरून डीएनए काढा. दुसरं काही करू नका. मृदुकाय प्राण्यांच्या अंगात चिकट म्युकोपॉलिसॅकराइड असतात, ती डीएनएबरोबरच खाली बसतात आणि टॅकला काम करू देत नाहीत. प्रथिनं नसल्यामुळे २६०/२८० छान दिसतं आणि माणूस फसतो. २ टक्के सीटीएबी, १.४ मोलर मीठ, ६५ अंशांवर ठेवायचं, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल २४:१ दोनदा. मी किट नव्हती तेव्हापासून असंच करत आलोय.

जांभा_दगड
सर, क्लोरोफॉर्मचा एवढा खटाटोप आता कशाला? मृदुकायांसाठी वेगळी किट मिळतात, एका दुपारी काम होतं.

पाटा_वरवंटा
त्या किटची किंमत बघा आणि महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती किती पैसे असतात तेही बघा. शिवाय त्या किटमधल्या पहिल्या बाटलीतही बहुधा सीटीएबीच असतं.

जांभा_दगड
पैशांचं मान्य. पण फ्यूम हूड धड नसलेल्या प्रयोगशाळेत मुलांना क्लोरोफॉर्म हाताळायला लावणं मला पटत नाही. आणि पुन्हा डीएनए काढायच्या आधी आहे तोच १:१० आणि १:५० पातळ करून लावा. टॅकला अडवणारं द्रव्य असेल तर डीएनए कमी करूनच बँड येतो. शक्य असेल तर बीएसए (अडवणारी द्रव्यं धरून ठेवणारं प्रथिन) घाला. याला खर्च जवळपास नाहीच.

सूक्ष्मनळी
पातळ करून बघा याला माझंही अनुमोदन. पण ताई, २६०/२३० आणि शरीराचा भाग अजून सांगितलेला नाही.

खाडीकाठची
२६०/२३० एकाच्याही खाली आहे. भाग म्हणजे आतलं मऊ मांस, मधलं.

सूक्ष्मनळी
मधलं म्हणजे पचनग्रंथी आणि जननग्रंथी दोन्ही आले. पचनग्रंथीत डीएनए तोडणारी विकरं असतात, शिवाय कालवाने खाल्लेलं शेवाळही तिथेच असतं. तुमच्या भरपूर डीएनएतला काही त्या शेवाळाचाही असेल. शिंपला बंद ठेवणारा स्नायू घ्या. तोच पांढुरका, घट्ट गोळा, फोडताना कोयतीने कापावा लागतो तो. तांदळाच्या दाण्याएवढा पुरे. ॲनीलिंगही ५२ वरून ४५ पर्यंत उतरवून पाहा. फोल्मरचे प्रायमर १९९४ चे, सगळ्या अपृष्ठवंशीयांसाठी म्हणून केलेले, प्रत्येक शिंपल्यात नेमके बसतीलच असं नाही.

मांडवी_ते_मेरीलँड
मी अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या काठी कालवांच्या हॅचरीत काम करतो. तुम्ही लोक बारकोडिंगमध्ये अडकू नका, ट्रिप्लॉइडकडे (गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेल्या कालवांकडे) वळा. कालवात गुणसूत्रं २०, ट्रिप्लॉइडमध्ये ३०. अशी कालवं जवळपास पिकत नाहीत (अंडी-शुक्राणू धरत नाहीत), त्यामुळे प्रजननाच्या दिवसांतही अंगाने भरलेली राहतात आणि वाढतात भराभर. १९९४ मध्ये रटगर्स विद्यापीठात टेट्राप्लॉइड (चार संचांची) कालवं तयार झाली, तेव्हापासून साध्या कालवाशी संकर करून थेट ट्रिप्लॉइड बी (कालवांची पिल्लं) काढता येतं. व्हर्जिनियात शेतीची बहुतेक कालवं आज अशीच आहेत. कोकणात हे का करत नाहीत?

खाडीकाठची
दादा, माहिती चांगली आहे, पण मला हॅचरी काढायची नाही. माझ्या पीसीआरला बँड हवा आहे.

पाटा_वरवंटा
आणि तसंही, बी कुठल्या जातीचं हेच कळत नसेल तर कशाशी काय संकर करणार?

गुणसूत्री
नराच्या शरीरात दोन प्रकारची मायटोकॉन्ड्रिया (सीओआय जनुक त्यातलंच) असणार, म्हणून गोंधळ होतोय. १९९४ मध्येच हे समोर आलं : आईचं मायटोकॉन्ड्रिया सगळ्या पिल्लांना जातं, बापाचं फक्त मुलग्यांना, आणि ते त्यांच्या जननग्रंथीत साठतं. तुमचे नमुने नर की मादी ते आधी बघा.

सूक्ष्मनळी
ते मायटिलस शिंपल्यांत, गोड्या पाण्यातल्या काही शिंपल्यांत आणि तिसऱ्यांच्या काही नातेवाइकांत. कालवांच्या कुळात तसं आढळलेलं नाही. आणि तसं असतं तरी क्रोमॅटोग्राममध्ये (सिक्वेन्सिंगच्या आलेखात) दुहेरी शिखरं आली असती, लेन कोरी राहिली नसती.

गुणसूत्री
बरोबर, कालवांचं वेगळं. पण शिनाण्यांवर (मायटिलसच्या जवळच्या शिंपल्यांवर) कोणी काम करत असेल तर ध्यानात ठेवा.

तारकर्लीचो_बाबू
ताय, कालवां खयची काढल्यात? खडकावयली की तिवरातली? आमच्या हय दोन्ही गावतत. खडकावयली ल्हान, चवीक बरी, पण कितीय दिवस ठेवलास तरी मोठी जाणत नाय. तिवराच्या मुळांका लागतत ती लांब वाढतत. बायका रश्शीर बी लावतत तेव्हा दोनय मिसळतत, मगे अर्धा पीक बारीकच ऱ्हवता.

खाडीकाठची
बाबूदादा, माझं काम नेमकं हेच आहे. बचतगटाच्या बायका बी गोळा करून दोऱ्यांवर लावतात, आणि नखाएवढं असताना ते कुठल्या जातीचं हे डोळ्यांनी सांगता येत नाही. चुकीचं बी लागलं की त्यांची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून घाई आहे, फक्त पदवीसाठी नाही. नमुने दोन्हीकडचे आहेत.

सूक्ष्मनळी
हे आधी सांगायला हवं होतं! मोठ्या कालवांत एक ताळा करता येतो. शिंपला उघडून आतली कड भिंगाखाली बघा. बिजागरीजवळ बारीक दाते असतील तर सॅकोस्ट्रिया, म्हणजे बहुधा बाबूंची खडकावरची. दाते नसतील तर क्रॅसोस्ट्रिया. त्यातही स्नायूची खूण काळसर जांभळी असेल तर मद्रासेन्सिस, मोत्यासारखी पांढरी असेल तर ग्रायफॉइडिस असण्याची शक्यता जास्त. बाहेरच्या आकारावर मात्र जाऊ नका, कालव ज्याला चिकटतं त्याप्रमाणे वाकडंतिकडं वाढतं.

नामावली
क्रॅसोस्ट्रिया नव्हे, मॅगलाना. २०१७ पासून आशियाई कालवांच्या प्रजातीचं (जीनसचं) नाव बदललं आहे. मद्रासेन्सिसही आता मॅगलाना बायलिनिएटा.

पाटा_वरवंटा
त्यावर त्याच वर्षी कालवांच्या अनेक अभ्यासकांनी मिळून हरकत घेतली होती. आर्थिक महत्त्वाच्या प्राण्याचं नाव असं बदललं की जुने सगळे अहवाल शोधणं अवघड होतं.

नामावली
सोयीसाठी वंशवृक्ष बदलत नसतो, सर.

जांभा_दगड
नावाचा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या. ताई, जीनबँकेत (सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यात) शोधताना मात्र दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर अर्धे सिक्वेन्स सुटतील.

कोचीकर
कोचीच्या सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने) हिरव्या शिनाण्यांचा अख्खा जीनोम १५ गुणसूत्रांपर्यंत जुळवला आहे, पॅसिफिक कालवाचा तर २०१२ मध्येच आला. त्या कालवात ताण सोसणाऱ्या एचएसपी७० कुटुंबाची ८८ जनुकं सापडली, ओहोटीत उन्हात तग धरतात ती अशी. आपणही एकेका जनुकाच्या पुढे जायला हवं.

खाडीकाठची
अपडेट. सगळ्यांचे आभार. जुना डीएनए १:५० पातळ केल्यावर पुसट बँड आला. स्नायूमधून नव्याने काढला, ४८ अंशांवर खाडीतल्या नमुन्यांचे ठळक बँड आले, सातशे बेसच्या आसपास. खडकावरच्यांचे काही अजूनही कोरे. ते एका सहकाऱ्याने आधी गोळा केले होते, बाटलीवर नुसतं ‘स्पिरिट’ लिहिलं आहे. त्यांचं काय करू?

सूक्ष्मनळी
वास घेऊ नका, पण त्यात फॉर्मॅलिन मिसळलं होतं का ते त्यांना विचारा. असेल तर सातशे बेसचा तुकडा निघणं कठीण, सोडून द्या. नसेल तर १६एस या दुसऱ्या जनुकाचे प्रायमर लावून बघा. आणि यापुढे ९५ टक्क्यांचं अल्कोहोल, मांसाच्या निदान पाचपट, दुसऱ्या दिवशी बदलायचं. कालवाच्या अंगातलं पाणीच ते पातळ करतं.

खाडीकाठची
विचारलं. फॉर्मॅलिन होतं. म्हणजे खडकावरची नव्याने हवीत. बाबूदादा, तुमच्याकडे मिळतील?

तारकर्लीचो_बाबू
गावतली. अवसेच्या सुकतेक येवा, खडक तेव्हाच उघडे पडतत. बाटली आणि ता ९५ वाला तुमीच घेवन येवा, हय मेडिकलात गावाचा नाय.