मदत हवी आहे: वेखंडाचा वंशवृक्ष चुकतोय, बूटस्ट्रॅप मात्र १००

शेवंती_क
तीन दिवस झाले, सुटत नाहीये. वेखंडाच्या (ॲकोरस कॅलॅमस) सहा नमुन्यांचे हरितलवक जीनोम (हरितलवकातला सगळा डीएनए) तुकड्यांतून जोडले, डेटाबेसमधले काही घेतले आणि ट्री, म्हणजे वंशवृक्ष, काढला. दोन वेखंड आपली भावंडं सोडून थेट ॲकोरस ग्रॅमिनियसमध्ये जाऊन बसलेत, तेही बूटस्ट्रॅप (त्या फांदीवर किती भरवसा, शंभरपैकी) १०० घेऊन! नमुने मी स्वतः गोळा केलेत. वेखंडाच्या पात्याला मधली ठळक शीर असते, ग्रॅमिनियसला नसते, त्यामुळे अदलाबदल झालेली नाही. मॉडेल बदललं, तरी तेच. सोमवारी मार्गदर्शकांना दाखवायचंय. कुणी सांगेल का काय चुकतंय?

रानवारा
जोडणी कशाने केली? अलाइनमेंट (क्रम एकाखाली एक जुळवणं) कशाने? आउटग्रुप (तुलनेसाठी घेतलेली गटाबाहेरची वनस्पती) कोणता? गोल जीनोम रेषेत आणताना कुठे तोडला? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

पाणकणीस
मुळात अख्खा जीनोम कशाला? आरबीसीएल आणि मॅट-के ही हरितलवकातल्या जनुकांची जोडी २००९ पासून वनस्पतींचा बारकोड (ओळख पटवणारा डीएनएचा तुकडा) म्हणून मान्य आहे. मी पाणवनस्पतींचे नमुने तेवढ्यावरच ओळखले. खर्च कमी आणि डोकेदुखीही कमी.

दलदलवासी
@पाणकणीस, ओळख पटवणं वेगळं आणि नातं लावणं वेगळं. १९९३ साली एकट्या आरबीसीएलवर जो मोठा वंशवृक्ष बांधला, त्यात सेराटोफायलम हे पाण्यातलं तण सगळ्या सपुष्प वनस्पतींच्या बुडाशी आलं होतं. पुढे जास्त जनुकं घेतल्यावर ते टिकलं नाही. वेखंडाचं कूळ बाकी सगळ्या एकदल वनस्पतींपासून सर्वांत आधी फुटलेलं आहे. इतकी जुनी फांदी एका जनुकावर तोलणं मला पटत नाही.

पाणकणीस
त्याच ट्रीने कमळ वॉटर लिलीचं नातलग नाही, प्लॅटॅनसच्या वृक्षांजवळचं आहे, हेही दाखवलं होतं. ते आजही टिकून आहे. तेव्हा एका जनुकाला इतकं हिणवू नका. आणि अख्खा हरितलवक जीनोम घेतला तरी तो एकसंध, बहुतेक आईकडूनच येणारा वारसा. शंभरावर जनुकं असली तरी साक्षीदार एकच!

कमळकाकडी
विषय निघालाच आहे म्हणून सांगते. ब्राह्मी या नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, बॅकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका म्हणजे मंडूकपर्णी. दोन्ही ओलसर जागी पसरतात, पण सेंटेला गाजराच्या कुळातली आणि बॅकोपा इसबगोलाच्या. पानं नीट बघूनच घ्या.

शेवंती_क
ब्राह्मीचं कुणी विचारलेलं नाही हो. @रानवारा, गेटऑर्गनेलने जोडले, मॅफ्टने अलाइन केले, आयक्यू-ट्रीने ट्री काढला. आउटग्रुप सॅजिटेरिया. सगळे जीनोम एलएससीच्या (मोठ्या एकेरी भागाच्या) सुरुवातीपासून, ट्रनएच जनुकाजवळ तोडलेत. अलाइनमेंट मात्र खूप फुगली आहे. आउटग्रुप काढून नुसते सहा वेखंड लावले तरी लांबी सुमारे १,७१,००० बेस (डीएनएची अक्षरं) येते.

रानवारा
हे आधी सांगायला हवं होतं! २००५ साली प्रसिद्ध झालेला वेखंडाचा हरितलवक जीनोम सुमारे १,५३,८०० बेसचा आहे. एकाच जातीच्या सहा नमुन्यांत १७,००० ची भर कुठून येणार? तुमची एसएससी (जीनोमचा लहान एकेरी भाग) साधारण तेवढीच असते. गेटऑर्गनेलने प्रत्येक नमुन्याला दोन पाथ फाइल (जोडलेल्या जीनोमचे दोन पर्यायी क्रम) दिल्या होत्या का?

शेवंती_क
हो, दोन-दोन. दोन्ही सारख्याच लांबीच्या होत्या, म्हणून मिळेल ती घेतली.

रानवारा
तिथेच घोटाळा आहे. दोन आयआर (एकेरी भागांच्या मधले, उलट दिशेने पुन्हा येणारे तुकडे) एकमेकांच्या आरशातल्या प्रती असतात, त्यामुळे त्यांच्यामधली एसएससी सुलटी आणि उलटी अशा दोन्ही दिशांनी एकाच झाडात असते. घेवड्यात हे १९८३ सालीच दाखवलं गेलं. म्हणजे दोन्ही फाइल खऱ्या आहेत, पण तुलना करताना सगळ्यांची दिशा एकच हवी. उलट्या एसएससीचे नमुने एकत्र गोळा झाले आणि ट्रीला ते नातं वाटलं. त्यात हजारो खोटे फरक, मग बूटस्ट्रॅप १०० येणारच. ॲनोटेशन (जनुकांच्या जागांची यादी) उघडा आणि एनडीएचएफ जनुक कुठे आहे ते बघा. काहींत एसएससीच्या सुरुवातीला असेल, काहींत शेवटाला.

पाणकणीस
मॅफ्टला दिशा आपोआप जुळवायचा पर्याय आहे, तो लावा की. पाच मिनिटांचं काम.

रानवारा
नाही! तो अख्खी साखळी उलटवतो, मधला तुकडा नाही. इथे एकतर दुसरी पाथ फाइल घ्यायची किंवा फक्त एसएससी कापून, तिचा उलट पूरक क्रम करून परत बसवायची. आणि दोनपैकी एक आयआर काढून टाका, नाहीतर तीच माहिती दोनदा मोजली जाते.

शेवंती_क
दोन्ही पळालेल्या वेखंडांत एनडीएचएफ शेवटाला आहे! ग्रॅमिनियसच्या ज्या नमुन्यांशेजारी ते बसले होते, त्यांच्यातही तसंच. फाइल बदलून पुन्हा लावलंय. सहाही वेखंड एकत्र आले, नुसत्या सहांची अलाइनमेंट १,५४,००० च्या आत आली. रानवारा, किती आभार मानू!

आता यावरून बीटा-ॲसरोन (वेखंडाच्या तेलातला अपायकारक मानला जाणारा घटक) कमी असलेला वेखंड ओळखता येईल ना? खरं तर कामाचा हेतू तोच आहे.

दलदलवासी
हा हेतू पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवा होता, ताई. बीटा-ॲसरोनचा संबंध गुणसूत्रांच्या संचांशी आहे. द्विगुणित वेखंडात ते जवळजवळ नसतं, चतुर्गुणितात भरपूर असतं. २४, ३६ की ४८ गुणसूत्रं, हे हरितलवकाचा जीनोम सांगत नाही. मुळांच्या टोकांवर गुणसूत्रं मोजा किंवा फ्लो सायटोमेट्री (पेशीतला डीएनए यंत्राने मोजणं) करा, आणि तेलाची रासायनिक तपासणी तर हवीच.

कमळकाकडी
वेखंड उगाळून मधातून देतात, ते चालतं का मग?

दलदलवासी
बीटा-ॲसरोनमुळे अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे. पोटात देण्याआधी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारा, बाळाच्या बाबतीत तर नक्कीच.

शेवंती_क
ताजी मुळं दोनच नमुन्यांची आहेत, बाकीची पानं सिलिका जेलमध्ये वाळवलेली. वाळलेल्या पानांवर फ्लो सायटोमेट्री कुणी केली आहे का?